माजघरातली पाडलेली भिंत

“इथं भिंत होती ना?” मगदूमबाईंनी विचारलं.

त्या आमच्या हॉलच्या मधोमध गुडघे टेकून बसल्या होत्या. गालिचा त्यांनी अर्धा गुंडाळून बाजूला सारला होता. हा गालिचा एरवी वर्षभर कपाटावर असतो आणि फक्त गौरी-गणपतीला खाली उतरतो. त्या दिवशी तो गौरी नसतानाही उतरला होता, कारण आदल्या संध्याकाळी मीच तो मुद्दाम अंथरला होता. त्याच्याखाली जुन्या शहाबादी फरशीतून वीतभर रुंदीचा सिमेंटचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला होता. अनवाणी चालणाऱ्याला तो डोळे मिटूनही कळला असता.

“छे, छे. मूळचंच असं आहे,” आमचे हे म्हणाले. “वडिलांना ऐसपैस आवडायचं.”

माझे सासरे मला चांगले आठवतात. बाहेरच्या खोलीतून माजघरात जाताना दार लोटून घ्यायचं विसरलं तरी ते घर डोक्यावर घ्यायचे. त्यांना ऐसपैस आवडायचं ही बातमी मला लग्नाच्या चौतिसाव्या वर्षी, खुद्द त्यांच्या चिरंजीवांकडून समजली.

मगदूमबाईंनी पट्ट्याचा फोटो काढला, मान वर करून त्याच रेषेत छताकडे बघितलं, आणि पिशवीतून एक छोटी हातोडी काढली.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, मिरजेची. आम्हाला घर विकायचं होतं. आम्हाला म्हणजे मला. आमची मुग्धा पुण्यात, तिला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तिच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा एक फ्लॅट विकायला निघाला होता. मालक भला माणूस, दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला. घर विकलं गेलं तर फ्लॅट, नाहीतर लेक पुण्यात उताणी झोपून आणि मी मिरजेत तुळशीला पाणी घालत. मी जन्मात फारशा गोष्टी मागितल्या नाहीत. मागून मिळत नाहीत याचा अनुभव दांडगा होता. पण ही मागितली, आणि ह्यांनी चक्क हो म्हटलं. त्यांनाही जायचं होतं. फक्त तसं कबूल केलं तर पुरुषाची जात बाटते, म्हणून ते सगळ्यांना “हिच्या हट्टासाठी” असं सांगत होते.

घर दाखवणं आणि मुलगी दाखवणं यात फरक एवढाच, की घराला साडी नेसवावी लागत नाही, रंग द्यावा लागतो. तो आम्ही दिला होता. बाकी सगळं तेच. बघायला येणारे सात-आठजण. त्यात एक मामा असतोच. तो बोटाच्या पेरांनी भिंतीवर टकटक करतो, कान लावतो आणि समजल्यासारखी मान डोलावतो. त्याला काय ऐकू आलं हे त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. एक काका घरातले सगळे नळ सोडून बघतो. एक आत्या मोरीत डोकावून नाक वर करते. मग पोहे, चहा, “कळवतो” म्हणणं, आणि ते कळवतच नाहीत. चार महिन्यांत मी अकरा वेळा पोहे केले. एवढ्या पोह्यांत माझी स्वतःची चार लग्नं झाली असती.

या सगळ्या मंडळींना एक गोष्ट मात्र बघताक्षणी आवडायची. कुणीतरी मोबाइलवर होकायंत्र काढायचं, हॉलच्या मध्यभागी उभं राहायचं आणि भक्तिभावानं म्हणायचं, “ब्रह्मस्थान अगदी मोकळं आहे हो.” ब्रह्मस्थान म्हणजे घराचा मधला भाग. तो मोकळा असला की घरात भरभराट होते म्हणे.

तो मोकळा कसा झाला ते मला माहीत होतं. त्याच्या चौदा वर्षं आधी ह्यांची ऑफिसातली बढती अडली, तेव्हा कोल्हापूरहून एक वास्तुतज्ज्ञ बोलावला होता. त्यानं घरभर फिरून निदान केलं, की बाहेरची खोली आणि माजघर यांच्यामधली भिंत ब्रह्मस्थानात उभी आहे आणि बढती त्या भिंतीला अडली आहे. आमचं घर जुन्या पद्धतीचं, खांब नाहीत, सगळा भार भिंतींवर. भिंत पाडायला आलेला गवंडी दोनदा म्हणाला, साहेब, वर खोली आहे, पाण्याची टाकी आहे, चांगला जाड गर्डर घालू. ह्यांनी जुन्या बाजारातून मिळाला तो गर्डर आणला. भिंत पडली, सत्यनारायण झाला, आणि बढती हातकणंगल्याच्या एका माणसाला मिळाली. त्याच्या घरी ब्रह्मस्थानात संडास होता, असं नंतर ऐकलं. पुढच्याच वर्षी छताला केसाएवढी भेग दिसली. ती आम्ही दरवर्षी दिवाळीच्या सफाईत पांढऱ्या सिमेंटनं भरायचो. करंज्या, चकल्या आणि भेग. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. सणाचं काम म्हणूनच मी ते करत आले.

बाराव्या खेपेला डॉक्टर मुजावर आले. ते आणि त्यांची बायको, दोघंच. त्यांनी भिंतीवर टकटक केली नाही की नळ सोडले नाहीत, तेव्हाच माझ्या मनात शंका यायला हवी होती. घर आवडलं म्हणाले, किंमतही फार न ताणता मान्य केली, आणि जाताना शांतपणे म्हणाले की बयाणा द्यायच्या आधी एका इंजिनिअरकडून घराची तपासणी करून घेईन.

ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्याकडे ही पद्धतच नव्हती. कागदपत्रं वकिलाला दाखवतात, दिशा वास्तूवाल्याला दाखवतात, पण घर कुणी इंजिनिअरला दाखवत नाही. तो घरमालकाचा अपमान समजतात.

“विश्वास नाही का आमच्यावर?” ह्यांनी विचारलं.

“विश्वास आहे की,” डॉक्टर म्हणाले. “माझ्या पेशंटवरही असतो. तरी मी रक्त तपासायला पाठवतोच.”

अशा रीतीनं मगदूमबाई आमच्या हॉलमध्ये गुडघे टेकून बसल्या. सांगलीच्या, तिशीच्या, सडपातळ, सिव्हिल इंजिनिअर. सकाळी नऊला आल्या, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि मी पोह्यांची बशी पुढे केली तर म्हणाल्या, काम झाल्यावर. पोहे न खाता घर बघणारी ही पहिलीच बाई. साडेतीन तास ती आमच्या घराच्या अंगाखांद्यावर फिरली. गच्चीवर गेली, टाकीखाली वाकली, वीजमीटरची पेटी उघडली. ओल मोजायचं एक यंत्र होतं, ते उत्तरेच्या भिंतीला लावलं की किंचाळायचं. त्या भिंतीला आम्ही रंगाचे दोन हात जास्तीचे दिले होते. हे मागून मागून फिरत होते आणि म्हणत होते, मॅडम, बॅटरी तपासा, यंत्र नवीन दिसतंय. शेजारच्या कुंपणापाशी तीन बायका उगीचच भाजी निवडत उभ्या होत्या.

आक्का मात्र आपल्या कॉटवर बसून सगळं बघत होत्या. आक्का म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण, तेव्हा चौऱ्याहत्तरच्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी आल्या, पाठोपाठ आई गेली, मग धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. त्यांची कॉट हॉलमध्येच असायची, बरोबर त्या सिमेंटच्या पट्ट्यावर, कारण तिथं पंख्याचा वारा लागतो.

जाताना मगदूमबाईंनी मला फाटकापाशी गाठलं.

“काकू, त्या आजींची कॉट आजच हलवा,” त्या म्हणाल्या. “छत उद्या पडेल असं मी म्हणत नाही. पण पडणार नाही असं लिहून द्यायची माझी हिंमत नाही.”

मी आत येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, कालची पोरगी, काहीतरी खोट काढल्याशिवाय डॉक्टर तिला पैसे कशाचे देणार. एवढं बोलून झाल्यावर ते हॉलमध्ये गेले आणि आक्कांना म्हणाले, इथं तुला वारा बाधतो, तू कोपऱ्यातल्या खोलीत झोप. तपासणीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण कॉट अर्ध्या तासात हलली.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. घर घेत नाही, पण रिपोर्टची प्रत पाठवतो, तुमच्या उपयोगी पडेल. एकतीस पानं, फोटोंसकट. आमच्या छतातल्या गंजून फुगलेल्या सळ्या, मधे वाकलेला गर्डर, आणि माझा अर्धा गुंडाळलेला गालिचा. शेवटी लिहिलं होतं की पक्का खांब उभा करून छताला आधार दिल्याशिवाय या भागाखाली माणसांनी राहू नये. हे म्हणाले, रद्दीत टाक. मी तो पिठाच्या डब्याखाली ठेवला. का ठेवला ते मला विचारू नका. तेव्हा माझ्या मनात काही थोर विचार वगैरे नव्हते. मला फक्त पुण्याला जायचं होतं.

हे खरं आहे, आणि ते मी लपवत नाही. कारण पुढच्याच आठवड्यात ह्यांनी छताखाली पीओपीचं खोटं छत बसवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. उलट दिव्यांचा रंग मी निवडला. मी म्हटलं, पिवळसर घ्या, घराला ऊब येते. चार दिवसांत भेग, सळ्या, गर्डर सगळं दिसेनासं झालं. मधोमध गोल नक्षी आणि तिच्यात सहा दिवे. नव्या नवरीसारखा दिसत होता हॉल. मुग्धाला फोनवर सांगितलं, आता विकलं जाईल बघ.

दसऱ्याला तीन आठवडे उरले असताना चौगुले आले. अभिनंदन चौगुले हा माध्यमिक शाळेत गणिताचा शिक्षक, कवठेमहांकाळकडचा, आणि बायको स्वप्नाली. बरोबर मामा, काका, आत्या, सगळा संच. मामांनी टकटक केली. काकांनी नळ सोडले. कुणीतरी होकायंत्र काढलं आणि ब्रह्मस्थानाला नमस्कार केला. ह्यांनी सोडून द्यावं की नाही? तर ते म्हणाले, वडिलांनी मुद्दाम तसं बांधून घेतलं, त्यांचा अभ्यास होता. सासऱ्यांचा अभ्यास एव्हाना बराच वाढला होता.

त्या मंडळींना घर इतकं आवडलं की ते बसल्या बसल्या सामान लावायला लागले. कपाट इथं, टीव्ही तिथं. स्वप्नाली हॉलच्या मधोमध उभी राहिली, वर दिव्यांकडे बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाली, “आईंची कॉट इथं टाकू. त्यांना जिना चढवत नाही, आणि इथं सगळ्यांच्यात असतील.”

मी पोहे आणायला आत पळाले.

खाणं झाल्यावर स्वप्नाली हात धुवायला स्वयंपाकघरात आली. आक्का कोपऱ्यात पाटावर बसून मेथी निवडत होत्या. बाहेर बयाण्याची तारीख ठरत होती. मी तिला नॅपकिन दिला. तिनं हात पुसले, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “काकू, एक विचारू? पुरुष माणसं आपसात काही बोलत नाहीत. तुम्ही इतकी वर्षं राहिलात. घरात काही खोट नाही ना? आमचं सगळं यातच जाणार आहे.”

आता इथं मला चौतीस वर्षं मागं जावं लागेल. फार वेळ नाही घेत.

तासगावला, माझ्या माहेरी, हे मला बघायला आले होते. बरोबर आक्का होत्या. पोहे झाले आणि आक्का हात धुवायला मागच्या मोरीवर आल्या. मी तांब्यानं पाणी घालत होते. एकवीस वर्षांची होते. मुलगा मला आवडला होता, पण वडील आणि काका बाहेर हुंड्याचं आणि मानपानाचं बोलत होते, मुलाबद्दल कुणी काही विचारत नव्हतं. म्हणून मीच धीर केला. म्हटलं, तुमच्या भावाला काही आजार वगैरे नाही ना? आक्कांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, “काही नाही गं. सोन्यासारखा आहे आमचा मुकुंद.” आणि माझ्याच हातातल्या पंच्याला हात पुसले.

लग्नानंतर अकराव्या दिवशी, सकाळी दाढी करता करता, ह्यांना फिट आली. मला वाटलं माणूस मेला. मी किंचाळत सुटले. आक्का आल्या, त्यांनी शांतपणे ह्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली घडी ठेवली, आणि मला म्हणाल्या, होतं असं कधीकधी, पाणी आण. शाळेत असल्यापासून होत होतं. गोळ्या चालू होत्या, त्या लग्नाच्या गडबडीत चुकल्या होत्या.

आजाराचं मला काही नव्हतं. गोळ्या नीट सुरू झाल्या आणि गेली वीसेक वर्षं तर एकही झटका नाही. सांगितलं असतं तरी मी बहुधा हो म्हटलं असतं. पण बहुधा म्हणायची संधीच मला कुणी दिली नाही. त्या रागावर मी चौतीस वर्षं काढली. टोमणे मारत काढली. घरात सगळे म्हणतात, विजूची जीभ तिखट. ती जन्मापासून तिखट नव्हती.

आणि आता ही पोरगी माझ्याच नॅपकिनला हात पुसून मला तेच विचारत होती. माझ्याकडे उत्तरही तयार होतं. काही नाही गं, सोन्यासारखं आहे आमचं घर. तेवढं म्हटलं की दुसरा मजला, मुग्धाचं दार, तिचं बाळ. एक वाक्य.

मी पिठाचा डबा उचलला आणि रिपोर्ट तिच्या हातात दिला.

“पीओपी महिन्यापूर्वीचं आहे,” मी म्हटलं. “त्याच्यावर काय आहे ते यात लिहिलंय. घरी जाऊन नीट वाच. घ्यायचं की नाही ते मग तुमचं तुम्ही ठरवा. पण सासूबाईंची कॉट तिथं टाकू नकोस.”

तिनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं. चेहरा उतरला. मग तिनं ते कागद पदराखाली धरले आणि बाहेर गेली. आक्कांच्या हातातली मेथी तशीच राहिली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनंदनचा फोन आला. मुलगा सरळ, त्याला वाटलं हा आम्हा दोघांचा विचार. त्यानं ह्यांचे मनापासून आभार मानले. काका, असं कोण सांगतं हो आजकाल, काकूंच्या हातून रिपोर्ट दिलात, फार उपकार झाले. घर आत्ता झेपणार नाही म्हणाला. हे नुसते हो हो करत होते. फोन ठेवून ते स्वयंपाकघरात आले, पिठाचा डबा उचलून खाली बघितलं, परत ठेवला आणि निघून गेले.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पहिला दिवस माझ्या लक्षातच आला नाही, आमच्याकडे एरवीही फार गप्पा रंगतात असं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जाणवलं. फ्लॅटवाल्यांना थांबू नका म्हणून कळवायला मीच मुग्धाला सांगितलं. ती बरं म्हणाली, आणि मग फोनवर रडली. फोन ठेवल्यावर मीही रडले, मोरीत नळ सोडून. लेकीला आपण फसवलं असं वाटत होतं. परक्या पोरीच्या सासूची काळजी करायला निघाले, आणि पोटची तशीच झोपून. कुणी शाबासकी द्यायला येत नाही अशा वेळी. घर आपलं गपगार असतं.

पाचव्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, हे पानावरून उठले नाहीत.

“का?” त्यांनी विचारलं. “एवढंच सांग. पुण्याला तुलाच जायचं होतं ना?”

उत्तर माझ्या ओठावर चौतीस वर्षं होतं. पण बोलायला लागले असते तर ते बोलणं राहिलं नसतं, नुसता तळतळाट झाला असता. मी ताटं गोळा करायला लागले.

“तिला काय विचारतोस, मुकुंदा,” आक्का म्हणाल्या. “मला विचार.”

आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे बघितलं. आक्का ताटातल्या ताकाकडे बघून बोलत होत्या.

“तासगावला हिनं मला विचारलं होतं. मोरीपाशी. मुलाला काही आजार नाही ना म्हणून. मी नाही म्हटलं.”

हे हसले. खरंच हसले, म्हातारीचा घोटाळा झाला आहे अशा समजुतीनं. “काहीतरीच काय, आक्का. परत येताना गाडीत तूच मला सांगितलंस ना? मुलीला सगळं सांगितलंय, तरी ती हो म्हणाली.”

“तेही मीच सांगितलं,” आक्का म्हणाल्या. “तिला सांगितल्याशिवाय करायचं नाही म्हणून हटून बसला होतास. दोन मुली तशाच गेल्या होत्या हातच्या. मग मी तिलाही खोटं सांगितलं आणि तुलाही.”

ताटं माझ्या हातातच राहिली. त्या पहिल्या फिटनंतर शुद्धीवर आल्यावर ह्यांनी मला काय म्हटलं होतं, ते आठवलं. “घाबरलीस? तुला कल्पना होती ना.” मी तो त्यांचा निर्लज्जपणा समजले होते. त्या एका वाक्याची मी ह्यांच्याकडून आयुष्यभर किंमत वसूल केली. हा माणूस माझे टोमणे निमूट ऐकून घेत आला. मला वाटायचं, गुन्हेगार आहे म्हणून ऐकतो. आणि त्याला वाटत होतं, सगळं माहीत असून हिनं आपल्याला पत्करलं, मग हिला चार शब्द बोलायचा हक्क आहे.

“तुला माहीत नव्हतं?” ह्यांनी विचारलं.

“नाही.”

“अकराव्या दिवसापर्यंत?”

“नाही.”

त्यांनी दोन्ही हात ताटाच्या कडेवर ठेवले. हात खरकटे होते, वाळून गेले होते. आक्का डोळे पुसत होत्या आणि मला त्यांचा राग येत होता, आणि ज्या वयात त्यांनी हे केलं त्या वयाची बाई डोळ्यांपुढे आली की कीवही येत होती. दोन्ही एकदम येत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं.

“माहीत असतं तर?” हे म्हणाले. “हो म्हणाली असतीस?”

खोटं बोलायला याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळाली नव्हती. एक हो म्हटलं असतं तर तिघांचंही भलं झालं असतं. पण त्या आठवड्यात मला खरं बोलायचा नाद लागला होता.

“विचार करायला दोन दिवस मागून घेतले असते,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. उठले, हात धुतले, आपलं ताट आपणच उचलून मोरीत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा नेलं. मग दारापाशी थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, “मग आता घे.”

मी घेतले. चांगले दोन दिवस घेतले. कुणी मला काही विचारलं नाही. सकाळचा चहा दोन्ही दिवस ह्यांनी केला आणि तो दोन्ही दिवस पाणचट होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मगदूमबाईंना फोन लावला आणि हॉलमध्ये खांब नेमका कुठं उभा करायचा ते विचारलं.